कोण राहिलं?

दर तासाला घड्याळात सव्वा झाले की त्यांचं बोट वर जायचं. उजव्या हाताचं, खांद्याच्या उंचीपर्यंत, बस्स. त्यात दटावणं नसायचं, तरी बोलणारा अर्ध्या शब्दावर थांबायचा. कुणाचा चहाचा कप ओठांपाशी तसाच राहायचा, आणि आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोची, भाभींची विळी थांबायची. तीन मिनिटं अशी जायची. मग बोट खाली यायचं आणि ते विचारायचे, "कोण राहिलं?"

पावणेलाही हेच.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर थोडा परिणाम झालेला दिसतो. मी तोंडाची फटकळ. तसं विचारलंही, "साहेब, हे मौनव्रत कसलं?" ते हसले आणि भिंतीकडे बघितलं. भिंतीवर जहाजावरचं गोल पितळी घड्याळ होतं. त्याच्या तबकडीवर दोन लाल फाका रंगवलेल्या होत्या, एक सव्वाच्या पुढे तीन मिनिटांची, एक पावणेच्या पुढे.

ते जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. टिकटिक करून तारा पाठवणं आणि आलेल्या तारा घेणं हे त्यांचं काम. "त्या तीन मिनिटांत जगातल्या सगळ्या जहाजांनी गप्प राहायचं, बाई," त्यांनी सांगितलं. "कुणी काही पाठवायचं नाही. नुसतं ऐकायचं. कुठे कोण अडचणीत असेल, त्याची बॅटरी उतरली असेल, त्याची हाक बारीक असणार. बाकीचे बडबडत राहिले तर ती ऐकू कशी येईल?"

शतक संपता संपता उपग्रह आले, तारा बंद झाल्या, आणि पंचवीस वर्षं समुद्रावर काढलेला हा माणूस घड्याळ काखोटीला मारून रत्नागिरीला, राजिवड्यातल्या आपल्या घरी आला. त्यांच्या भावकीतले कितीतरी जण आखातात होते. त्यांनाही बोलावणी आली. ते गेले नाहीत. आम्ही त्यांना रेडिओसाहेब म्हणायचो. नाव सांगत नाही. सांगितलेलं त्यांना आवडलं नसतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. एके दिवशी हे गृहस्थ आले आणि म्हणाले, "शब्दकोश सगळे काढून द्या." मी म्हटलं, "सगळे म्हणजे? चौदा आहेत." "चौदाही द्या." तीन दिवस ते उभ्यानेच काहीतरी उतरवत होते. बसा म्हटलं तर म्हणे, बसलं की झोप येते. चौथ्या दिवशी माझ्याच्याने राहवेना. विचारलं, काय चाललंय?

चाललं होतं ते असं. जगभरचे लोक मिळून संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात, कुणी पगार देत नाही, आणि केलेलं काम कुणालाही घेता येतं, बदलता येतं, पुढे देता येतं. त्या प्रोग्रॅममधलं इंग्रजी मराठीत आणायचं त्यांच्या मनात होतं. म्हणजे पडद्यावर जे लिहिलेलं दिसतं, उघडा, बंद करा, छापा, ते सगळं. हजारो ओळी. मी म्हटलं, "आणि हे कोण करणार?" ते म्हणाले, "मी सुरू केलंय." तुम्हीही करा, असं काही म्हणालेच नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मी दुपारच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी उभी राहून ओळी लिहीत होते. कशी गेले, मलाच कळलं नाही.

हळूहळू आम्ही चाळीसेक जण झालो. पुण्याचे दोन प्राध्यापक, कुवेतला गेलेली चिपळूणची एक नर्स, अलोऱ्याच्या वसाहतीतला एक निवृत्त इंजिनियर. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. एकाने पत्र लिहिलं की ते संगणकावर सगळ्यांना पोचायचं, असा आमचा टपालगट होता. रत्नागिरीतले आम्ही चार-पाच जण मात्र रविवारी सकाळी त्यांच्या घरी जमायचो. मोडेम किंचाळायचा, मग पत्रं उतरायची. एकेक पत्र आलं की संगणक टिंग करायचा आणि ते मोठ्याने म्हणायचे, "मिळालं."

लिहिणाऱ्यालाही तेच उत्तर. "मिळालं. बघतो." त्याच दिवशी. आणि नव्या, अनोळखी माणसाचं पत्र सगळ्यांच्या आधी. एखाद्या कॉलेजच्या मुलीने भीत भीत दोन ओळी पाठवल्या असतील, त्यांतली एक चुकलेली असेल, तरी पुण्याच्या प्राध्यापकांना थांबवून आधी तिला उत्तर. एकदा कुठल्या तरी भामट्याचं पत्र आलं, तुम्हाला लॉटरी लागली आहे म्हणून. यांनी त्यालाही कळवलं, "मिळालं. पण लॉटरीत रस नाही." आम्ही पोट धरधरून हसलो. ते म्हणाले, "हसता काय? त्याने पाठवलं, आपल्याला मिळालं. एवढं तरी सांगायला नको?"

पुण्याच्या दोघांचं एकदा एका शब्दावरून वाजलं. इंग्रजी 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणायचं की 'साठवा'. तीस-चाळीस पत्रं गेली. व्युत्पत्ती निघाली, एकमेकांची पदवी निघाली. मी म्हटलं, साहेब, तुम्ही यांना गप्प करा. बोट वर करा एकदाचं! त्यांनी काही केलं नाही. त्या आठवड्यात देशांच्या, शहरांच्या, वेळांच्या नावांची एक यादी होती, तिला कुणी हात लावत नव्हतं. ढीगभर नावं, नुसतं टंकत बसायचं, मान मोडून यायची. ती त्यांनी एकट्याने पुरी केली आणि गटाला लिहिलं, "आपलं ठरेपर्यंत यादी उरकली. तपासून द्यावी." दोघे प्राध्यापक ओशाळले. एकाने लगेच पुढची यादी मागून घेतली, दुसऱ्याने 'जतन' मान्य करून टाकलं.

त्यांची ही एक तऱ्हाच होती. कंटाळवाणं काम आधी त्यांच्याकडे. आणि स्वतःचं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. "माझं मला दिसत नाही," म्हणायचे. "जहाजावरही घेतलेली तार दुसऱ्याने वाचायची." त्यांचं काम तपासायला मी होते. हे मी मिरवायचे, खोटं कशाला बोलू?

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस पुढे असला की मागचे शिकतात. शिकतात हो. पण त्याच्या आधी त्यांना सवय लागते. नवीन माणसाला उत्तर साहेब देणार, म्हणून आम्ही देत नव्हतो. आणि साहेबांच्या कामात चूक नसते, म्हणून मी बघत नव्हते. पहिलं वर्षभर ओळ न ओळ वाचली. मग वरवर चाळायला लागले. मग फाइल न उघडताच लिहायला लागले, "बघितलं. बरोबर आहे." त्यावर त्यांचं यायचं, "मिळालं. आभारी आहे."

तुमच्यापैकी कुणी हे केलं नसेल तर त्याने मला हसावं.

एका मार्चमध्ये अशीच एक फाइल आली. ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चालू होती, धुळीने डोळे चुरचुरत होते. मी लिहिलं, बघितलं, बरोबर आहे. ती फाइल नव्या आवृत्तीत गेली. सावर्ड्याच्या एका शाळेत साहेबांनी स्वतः जाऊन दोन जुन्या संगणकांवर आमचं मराठी बसवून दिलं होतं, तिथेही ती गेली.

एप्रिलअखेरीच्या एका शुक्रवारी तिथल्या शिक्षिका बाईंचं पत्र आलं. वार्षिक परीक्षेचे सगळे गुण त्यांनी तीन वेळा टंकले होते आणि तिन्ही वेळा नाहीसे झाले होते. सोमवारी निकालपत्रकं द्यायची होती. मुख्याध्यापक आधीच म्हणत होते, ही संगणकाची थेरं कशाला. बाईंनी शेवटी लिहिलं होतं, "माझंच काही चुकत असेल. क्षमस्व."

साहेबांनी लिहिलं, "मिळालं. तुमचं काही चुकत नाही. येतो." मग त्यांनी फाइल उघडली. काम बंद करताना संगणक विचारतो ना, ठेवायचं की टाकायचं, तिथल्या दोन ओळींची अदलाबदल झाली होती. 'जतन करा' दाबलं की सगळं पुसलं जायचं. त्या बाई बिचाऱ्या दर खेपेला जपून 'जतन करा' दाबत होत्या.

गटाला त्यांनी दोनच वाक्यं लिहिली. "चूक माझी आहे. दोन ओळी खालीवर झाल्या होत्या, दुरुस्त केल्या." तपासणाऱ्याचा उल्लेख नाही. मी ते पत्र ग्रंथालयात वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग फोन वाजला. "बाई, उद्या सावर्ड्याला येता का? मी टंकतो, तुम्ही वाचून दाखवा. दोघं असलो तर एका दिवसात होईल."

सकाळच्या एसटीने गेलो. रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते, मी पुढच्या सीटच्या पाठीकडे. शाळेत त्या बाई दारातच उभ्या होत्या. डोळे सुजलेले. साहेब त्यांना म्हणाले, "आधी चहा देता? मग पाचवीपासून सुरू करू." जणू काही ते रोज तिथेच नोकरीला होते.

मी वाचत होते, ते टंकत होते. बेचाळीस, अडतीस, गैरहजर, एकसष्ट. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना शाईचा आणि घामाचा वास येत होता. बाई मधूनमधून म्हणायच्या, "तुम्ही दोघं अगदी देवासारखे धावून आलात हो." दोघं! मी पुढचा आकडा वाचायचे.

दुपारी सव्वातीनला त्यांनी बोट वर केलं. मनगटावरच्या घड्याळावर त्यांची नजर असायचीच. सकाळपासून दर वेळी व्हायच्या तशा बाई गोंधळून गप्प झाल्या. वर्गात फक्त पंख्याचा आवाज होता. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, कसंच नाही, नुसतं बघत राहिले, एखाद्याचं बोलणं ऐकताना बघतो तसं. त्यांना ठाऊक होतं. मी फाइल उघडलीच नव्हती हे त्यांना शंभर टक्के ठाऊक होतं. मला बोलायला तीन मिनिटं दिली होती त्या माणसाने. एक वाक्य पुरलं असतं.

मी मूग गिळून बसले.

बोट खाली आलं. "कोण राहिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नववी ब."

ते म्हणाले, "वाचा."

संध्याकाळच्या आत काम झालं. बाईंनी निघताना आमसुलांची पुडी दिली, ती त्यांनी माझ्या पिशवीत घातली. परतीच्या गाडीत त्यांनी एकदाच एक गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं. कधीतरी समुद्रात, भर दुपारी, त्या तीन मिनिटांत त्यांनी एका लहान मालवाहू जहाजाची हाक ऐकली होती. दोन दिवसांचं अंतर. जाणं शक्य नव्हतं आणि जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"मग काय केलंत?"

"मिळालं म्हणून कळवलं."

"एवढंच?"

"पुढे सगळीकडे कळवत राहिलो. आणि त्यांचं येत राहिलं तोवर दर वेळी सांगत राहिलो, मिळालं, मिळालं. मग त्यांचं यायचं बंद झालं." खिडकीची काच सरकवत म्हणाले, "आपलं कुणी ऐकलं नाही असं वाटून माणूस जाऊ नये, बाई." निवळीला गाडी थांबली, माणसं चढली, आणि तो विषय तिथेच संपला.

मला वाटलं होतं, आता ते माझ्याकडे तपासायला काही पाठवणार नाहीत. पाठवू नये असंच वाटत होतं मला, म्हणजे सुटले असते. पण पुढच्या महिन्यात फाइल आली. माझ्याच नावाने. "तपासून द्यावी." बाकी एक शब्द नाही. मी ती तीन तीनदा वाचली, चूक सापडली नाही, आणि तरी 'बरोबर आहे' लिहायला बोट उचलेना. दोन आठवडे लावले. पुढच्या फाइलला महिना लावला. रविवारचं जाणं कमी झालं. आईची तब्येत, कॉलेजचं काम, कारणांना काय तोटा? शरमेचं हे असं असतं. ज्याने काही म्हटलं नाही त्याचंच तोंड चुकवावंसं वाटतं.

पुढचा पावसाळा सरल्यावर त्यांची एक फाइल आली. ती मी उघडलीच नाही. पत्र दिसायचं, मी दुसरं काहीतरी उघडायचे. गटातल्या चाळीस जणांनीही ते पत्र बघितलं होतं. प्रत्येकाला वाटलं, ग्रंथालयाच्या बाई बघतील. एकोणीस दिवस ते पत्र तसंच पडून होतं.

विसाव्या दिवशी ग्रंथालयात शिपाई सांगत आला, "राजिवड्याचे रेडिओसाहेब गेले. सकाळीच. झोपेतच गेले म्हणे." माझ्या हातात परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा होता. मी एकेका पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. सगळे संपेपर्यंत मारला. रडू आलं नाही. घरी जाऊन जेवले, झोपही लागली. आतून कुणी काहीतरी काढून नेल्यासारखं झालं होतं, आणि काय नेलं ते बघावंसंही वाटत नव्हतं. पुण्याच्या प्राध्यापकांनी गटावर लांब पत्र लिहिलं, फार सुंदर होतं. कुवेतच्या नर्सने लिहिलं, मी ड्यूटीवर रडले. मी वाचलं आणि बंद केलं.

दोन आठवड्यांनी, रविवारी, भाभींना भेटायला गेले. त्या पांढऱ्या ओढणीत, खाटेवर बसलेल्या. "ये गो," म्हणाल्या. "किती दिसांनी आलीस." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग म्हणाल्या, "त्यांचं मशीन जरा बघ. कोण कोण लिहीत असेल त्यांना. उत्तर नाय गेलं तर वाट बघत बसतील."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. मोडेम किंचाळला. टिंग झालं, पुन्हा टिंग, पुन्हा. तीन पत्रं गटाला पहिल्यांदाच लिहिणाऱ्या माणसांची होती. एक पोरगी देवरुखची, एक शिक्षक, एक कुणी मुंबईचा गिरणीतून सुटलेला माणूस, त्याला संगणक येत नव्हता पण मराठी चांगलं येतं म्हणे. सगळ्यात जुनं पत्र त्यांच्या जाण्याच्या दुसऱ्या दिवशीचं. चाळीस जणांपैकी एकानेही उत्तर दिलं नव्हतं. मी तिघांना लिहिलं, "मिळालं. बघते." खाली माझं नाव घातलं.

मग त्यांची ती शेवटची फाइल उघडली. पहिल्या ओळीपासून वाचली. भाभी आत भाजी चिरत होत्या, विळीचा आवाज येत होता. एकशेबाराव्या ओळीत एक शब्द सुटला होता आणि शेवटाकडे एक ओळ इंग्रजीच राहिली होती. दोन चुका. साधीच माणसं करतात तशा. इतकी वर्षं त्या होतच असणार, आणि मी त्या माणसाला बरोबर आहे, बरोबर आहे म्हणून कळवत होते.

मी त्यांच्या पत्त्यावर उत्तर लिहिलं. "बघितलं. दोन चुका आहेत, खाली दिल्या आहेत. मार्चमधली फाइल मी बघितली नव्हती. न बघता बरोबर आहे म्हणून लिहिलं. सावर्ड्याला सांगायचं होतं." वाचून पाहिलं नाही. पाठवून दिलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माझ्यासमोरच्याच संगणकाने टिंग केलं. पत्र पोचलं होतं. ते जिथून गेलं तिथेच पोचलं होतं, त्यांच्या टेबलावर.

आतून विळीचा आवाज थांबला. मला वाटलं, भाभी 'मिळालं' ऐकायला थांबल्या असाव्यात, इतक्या वर्षांची सवय. मग माझं घड्याळाकडे लक्ष गेलं. पावणेअकरा झाले होते. काटा लाल फाकेत शिरला होता.

आम्ही दोघी गप्प बसलो. त्या आत, मी बाहेर. खिडकीतून खाडीवरच्या एका होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता, तो लांब गेला. माझ्या गालांवर काहीतरी ओलं होतं. ते कधी सुरू झालं होतं कोण जाणे.

तीन मिनिटं झाली. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. ओढणीला हात पुसत त्यांनी विचारलं, "कोण राहिलं?"

मी म्हटलं, "मी."

त्या म्हणाल्या, "बस तर. चाय ठेवते."